सोनोग्राफी नॉर्मल, तरी ओटीपोट दुखतंच: फिजिओथेरपी कुठून आणि कशी सुरू करायची

पाळी नसतानाही ओटीपोटात ओढ लागते. बराच वेळ बसलं की माकडहाडापाशी टोचतं. लघवीला जाऊन आलं तरी थोड्या वेळात पुन्हा जावंसं वाटतं, नवऱ्याजवळ जायची धास्ती वाटते, आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये तर सगळं ठीक असतं. सांगली-मिरजेत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना अशा बायका मला सतत भेटतात. माझ्यापर्यंत येईतोवर कुणी लघवीच्या इन्फेक्शनचे कोर्सवर कोर्स संपवलेले असतात, कुणाला ‘मनाचं आहे, लक्ष देऊ नका’ असं सांगून परत पाठवलेलं असतं, कुणी गर्भाशयाची पिशवी काढायची तारीखसुद्धा ठरवलेली असते. ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू आहेत ते मात्र कुणी तपासलेलेच नसतात.

ओटीपोटातलं दुखणं सहा महिन्यांच्या वर टिकलं की त्याला जुनाट म्हणायचं. मूळ कारण काहीही असो, इतके दिवस दुखत राहिलं की तळाचे स्नायू त्यात बऱ्याचदा ओढले जातात. आणि बहुतेकींच्या बाबतीत ते ढिले झालेले नसतात, आखडलेले असतात. म्हणून या लेखातला सगळा क्रम एका गोष्टीवर बांधलेला आहे: हे स्नायू आधी सोडायला शिकायचं, आवळायचे व्यायाम त्यानंतर, आणि तेही गरज असेल तरच.

आधी डॉक्टर

फिजिओथेरपी सुरू करण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी झालेली हवी. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं), ॲडिनोमायोसिस (तेच अस्तर गर्भाशयाच्या भिंतीत शिरणं), गर्भनलिकांचा जंतुसंसर्ग, आधीच्या ऑपरेशननंतर आतून चिकटलेले पदर, मूत्राशयाचं दुखणं, आतड्याचा त्रास, ही सगळी कारणं ओटीपोटात दुखवतात. आपल्याकडे जननमार्गाचा टीबीही विसरून चालत नाही. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, सोनोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी इतकं झालेलं असावं. एक लक्षात ठेवा, एंडोमेट्रिओसिसचे वरवरचे डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाहीच, असा अर्थ काढू नका. पाळीत अंथरुणाला खिळायची वेळ येत असेल, पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना कळ येत असेल, तर ते डॉक्टरांना शब्दांत सांगा. विचारल्याशिवाय बायका हे सांगत नाहीत, आणि घाईच्या ओपीडीत कुणी विचारत नाही.

पुढच्यापैकी काहीही असेल तर व्यायामाच्या भानगडीत न पडता लगेच दवाखाना गाठा:

- पाळी चुकलेली आहे आणि पोटात अचानक जोराची कळ आली, चक्कर आली
- एका बाजूला असह्य दुखतंय आणि उलट्या होताहेत
- तापासोबत ओटीपोट दुखतंय, अंगावरून घाण वासाचं जातंय
- पाळी कायमची गेल्यावर, किंवा संबंधानंतर रक्त जातंय. लघवीतून वा शौचातून रक्त जातंय
- वजन आपोआप उतरतंय, किंवा पन्नाशीनंतर पोट सतत फुगलेलं राहतंय आणि दोन घासांत भरल्यासारखं वाटतंय
- जांघांच्या मधली, बैठकीची जागा बधिर झालीय, लघवी अडलीय किंवा नकळत होतेय

पहिली दोन आणि शेवटचं, यांत रात्र काढायची नाही. १०८ ला फोन करा.

सांगली जिल्ह्याला एक सोय आहे. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना सुरू केल्यापासून मिरज हे उपचारांचं गाव आहे. आज मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत सिव्हिल आहे, आणि वाळवा, शिराळा, कडेगावकडच्या बायकांना कराडही जवळ पडतं. तिथल्या कृष्णा अभिमत विद्यापीठात फिजिओथेरपीचं स्वतंत्र महाविद्यालय आहे. जत-आटपाडीकडून येणारीला एकेक फेरी म्हणजे दिवसाचा रोज बुडतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून तपासणीचे सगळे कागद एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.

आणि गर्भाशयाची पिशवी काढण्याबद्दल. काही आजारांत ते ऑपरेशन लागतंच, त्याबद्दल वाद नाही. पण कारण केवळ ‘दुखतंय’ एवढंच असेल, तर तारीख घेण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: दुखणं पिशवीतूनच येतंय हे कशावरून ठरवलं? आणि काढल्यावरही दुखत राहिलं तर पुढे काय? नीट उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. दुखणं स्नायूंचं असेल तर पिशवी गेल्यावर ते तिथेच राहतं.

नेमकं दुखतं कुठे

पुढे जांघांच्या मधलं हाड, मागे माकडहाड, दोन्ही बाजूंना ज्यांवर आपण बसतो ती बैठकीची हाडं. या चौकटीत स्नायू झोळीसारखे ताणून बांधलेले आहेत. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीवर टेकलेले असतात आणि तिन्हींचे मार्ग तिच्यातूनच बाहेर येतात. म्हणूनच एक झोळी आखडली की लघवी, शौच, संबंध, बसणं, सगळीकडे एकदम त्रास होतो आणि बाई मूत्ररोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, मूळव्याधीचे डॉक्टर असं फिरत राहते. खुब्याला फिरवणारा एक मोठा स्नायूही याच झोळीला आतून लागून आहे. त्यामुळे दुखणं जांघेत, नितंबात, मांडीच्या आतल्या बाजूला उतरतं.

हे स्नायू श्वासाबरोबर हलतात. श्वास आत घेतला की छाती आणि पोट यांच्या मधला पडदा खाली येतो, त्याच्याबरोबर तळही किंचित खाली उतरतो. श्वास सोडला की वर येतो. दिवसभर ही हालचाल चालू असते. दुखणाऱ्या जागेभोवती शरीर आपोआप स्नायू घट्ट करतं. इन्फेक्शन बरं होतं, टाके भरून येतात, पण घट्टपणाची सवय राहून जाते. त्यात भर पडते ती रोजच्या गोष्टींची: रानात आडोसा नाही म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत दाबून धरलेली लघवी, बद्धकोष्ठामुळे रोजचं कुंथणं, अवघड बाळंतपण, मनातली धास्ती.

दुसरं असं की महिनोन्‌महिने दुखलं की मेंदू आणि मज्जारज्जू त्या भागाबद्दल जास्त हळवे होतात. मग साधा स्पर्शही दुखतो, थोडीशी भरलेली लघवीही असह्य वाटते. दुखणं खरंच असतं. फक्त जितकं दुखतं तितकी आत इजा असतेच असं नाही. हे पटलेली बाई व्यायामाला कमी घाबरते, म्हणून मी ते पहिल्याच भेटीत सांगते.

फिजिओ कशी शोधायची

सगळेच फिजिओथेरपिस्ट हे काम करत नाहीत. गुडघा, मान, लकवा यांत तरबेज असलेल्या चांगल्या माणसालाही याचं वेगळं प्रशिक्षण नसू शकतं. त्यामुळे जाण्याआधी फोनवर विचारा: महिलांच्या ओटीपोटाच्या स्नायूंचे उपचार करता का? तपासणारी बाई असेल का? पडदा नाही, दार असलेली वेगळी खोली आहे का? आतून तपासणी नको असेल तर बाहेरून उपचार होतात का? शेवटच्या प्रश्नाला ‘आतून तपासल्याशिवाय काहीच होत नाही’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही.

जवळपास अशी कुणीच नसेल तर साधी फिजिओथेरपिस्टही कंबर, खुबे, पोट आणि श्वास यांवर काम करू शकते. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. तिला हा लेख दाखवा.

पहिल्या भेटीत काय होतं

पहिला बराचसा वेळ बोलण्यात जातो. कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, पाळी, बाळंतपणं, ऑपरेशनं, लघवी, शौच, झोप, संबंध. उत्तर द्यायचं नसेल तिथे नाही म्हणा. पूर्वी कुणी जबरदस्ती केली असेल, मारहाण झाली असेल, तर त्याचा या स्नायूंशी संबंध असू शकतो. पण ते कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे तुमच्या हातात. सोबत आई, सासूबाई, बहीण कुणी हवी असेल तर बसू द्या, आणि एकटीनेच बोलायचं असेल तर तसंही स्पष्ट सांगा.

मग तपासणी. तासगावकडच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या एका वहिनींचं उदाहरण सांगते. उजव्या बाजूला ओटीपोटात दुखायचं, ‘अंडाशयाचं असेल’ म्हणून दोनदा सोनोग्राफी झालेली. त्यांना पाठीवर झोपवलं, दुखऱ्या जागेवर दोन बोटं ठेवली आणि म्हटलं, आता डोकं नि खांदे थोडे उचला. पोटाचे स्नायू घट्ट झाले आणि त्या कळवळल्या. दुखणं आतल्या अवयवाचं असतं तर घट्ट झालेल्या स्नायूंनी त्याला झाकलं असतं आणि दुखणं कमी व्हायला हवं होतं. इथे ते वाढलं, म्हणजे मोठा वाटा पोटाच्या भिंतीचा होता. तिथेच, सिझरच्या जुन्या व्रणाच्या टोकाला, दाबलं की जांघेत कळ जाणारी एक गाठीसारखी जागा सापडली. त्यांना आतून तपासायची गरजच पडली नाही.

गरज पडली तर आतली तपासणी अशी होते: हातमोजा, वंगणाची जेली, एकच बोट. स्त्रीरोगतज्ज्ञांचं धातूचं उपकरण यात वापरत नाहीत. घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे एकेक जागा हळू दाबून कुठे दुखतं, कुठे स्नायू दोरीसारखा ताठ लागतो ते पाहतात. मग स्नायू आवळायला, आणि मुख्य म्हणजे सोडायला सांगतात. आखडलेल्या बाईला आवळता येतं, सोडता येत नाही; तेच शोधायचं असतं. ही तपासणी पहिल्या भेटीत झालीच पाहिजे असं नाही. लग्न झालेलं नसेल, मनाची तयारी नसेल, तर बाहेरून, कपड्यांवरूनही बरंच कळतं. मध्येच ‘थांबा’ म्हटलं की हात तिथेच थांबला पाहिजे. थांबला नाही तर उठून या, पुन्हा जाऊ नका.

उपचारातही हेच बोट त्या ताठ जागेवर हलका दाब देऊन धरून ठेवतं, तुम्ही श्वास सोडता, आणि साधारण मिनिटभरात ती जागा मऊ पडायला लागते. दुखणं दहापैकी तीन-चारच्या वर जाता कामा नये. दात-ओठ खाऊन सोसलं तर स्नायू आणखीच घट्ट होतो. या पद्धतीला आधारही आहे: मूत्राशयाच्या जुनाट दुखण्याच्या ८१ बायकांवर उत्तर अमेरिकेतल्या केंद्रांमध्ये झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्नायूंच्या अशा नेमक्या उपचाराने ५९ टक्के जणींना चांगला फरक जाणवला, नुसत्या अंगभर मालिशने २६ टक्के जणींना.

घरी: सुरुवातीचे दोन आठवडे फक्त श्वास

इथे घाई करू नका. बायकांना वाटतं, श्वास काय घ्यायचा, तो तर चालूच आहे. पण सगळ्या व्यायामांत मला हा एकच ठेवायचा असता तर मी हाच ठेवला असता.

चटईवर पाठीवर झोपा. पोटऱ्या खाटेच्या कडेवर किंवा दोन उशांवर ठेवा, म्हणजे खुबे सैल राहतील. परकराची किंवा सलवारची नाडी सैल करा. दिवसभर कंबरेला करकचून बांधलेली नाडी पोटाला हलूच देत नाही. हा बदल आजपासून दिवसभरासाठीही करून टाका. एक हात छातीवर, एक बेंबीखाली. नाकाने सावकाश श्वास घ्या. छातीवरचा हात जवळजवळ स्थिर, पोटावरचा हात वर, खालच्या बरगड्या दोन्ही बाजूंना पसरताहेत. आता लक्ष बैठकीच्या दोन हाडांच्या मधे न्या. श्वास आत येताना ती जागा किंचित खाली, मोकळी होते. मग ओठ थोडे उघडे ठेवून श्वास जाऊ द्या, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून. सोडताना पोट आत ओढू नका, काहीही आवळू नका.

पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं रात्री झोपताना. सुरुवातीला खाली काहीच जाणवत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. मग असं करा: टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ती खुर्चीवर पुढून मागे अशी ठेवा, तिच्यावर बसा आणि तोच श्वास घ्या. श्वास आत घेताना टॉवेलवरचा दाब किंचित वाढलेला कळतो. बसून दुखत असेल तर कुशीवर झोपून माकडहाडाच्या टोकाशी कपड्यावरून बोट ठेवा; तिथेही हालचाल कळते.

सर्रास होणारी चूक एकच: खाली ‘सोडण्या’ऐवजी शौचाला बसल्यासारखा जोर लावणं. जोर लावला की श्वास अडतो, चेहरा ताठतो. दात एकमेकांवर टेकलेले असतील तर समजा जोर लागतोय. जबडा ढिला ठेवा, जीभ खाली सोडा.

दिवसातून मधूनच, भांडी घासताना, बसथांब्यावर उभं असताना, स्वतःला विचारा: मी खालून आवळून उभी आहे का? बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ येतं. एक लांब श्वास घ्या, सोडा, कामाला लागा.

तिसऱ्या आठवड्यापासून ताण काढायचे व्यायाम

श्वास जमायला लागला की हे जोडा. प्रत्येक स्थितीत अर्धा ते एक मिनिट, दोन-तीन वेळा, श्वास तोच. ओढ जाणवावी, कळ येऊ नये.

पाठीवर झोपून दोन्ही गुडघे छातीकडे घ्या, मग थोडे बाजूंना फाकवून मांड्यांच्या मागून धरा. माकडहाड जमिनीकडेच राहू द्या. दुसरा, गुडघ्यांवर बसून गुडघे फाकवा आणि पुढे वाकून छाती लोडावर टेकवा, कपाळ हातांवर. तिसरा, पाठीवर झोपून तळपाय एकमेकांना जोडा आणि गुडघे बाजूंना पडू द्या. दोन्ही गुडघ्यांखाली उशी हवीच, अधांतरी लोंबकळले तर आतले स्नायू उलट घट्ट होतात. चौथा, उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवून डावी मांडी छातीकडे ओढा; नितंबात ओढ लागते. मग बाजू बदला. गुडघे दुखत असतील तर दुसरा वगळा. पोटुशी असाल तर यातलं काहीही विचारल्याशिवाय करू नका.

नितंबातली ठसठस मोकळी करायला टेनिसचा चेंडू पुरतो. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, चेंडू नितंबाच्या मांसल भागात, दुखरी जागा सापडली की मिनिटभर थांबायचं. माकडहाडावर किंवा कंबरेच्या मणक्यावर चेंडू ठेवायचा नाही.

सिझरचा किंवा नसबंदीच्या टाक्याचा व्रण असेल तर तोही हाताळावा लागतो. नवा असेल तर सहा ते आठ आठवडे जाऊ द्या आणि डॉक्टरांना विचारून सुरू करा. खोबरेल तेलाचे दोन थेंब, दोन बोटं. व्रणाच्या कडेची कातडी वर-खाली, डावी-उजवी सरकवा, मग व्रणावर. जिथे कातडी खाली चिकटल्यासारखी हलत नाही तिथे थोडं थांबा. दिवसाला चार-पाच मिनिटं खूप झाली. कित्येक जणींनी इतक्या वर्षांत त्या जागेला एकदाही हात लावलेला नसतो; सुरुवातीला नुसता तळहात ठेवून श्वास घेतला तरी चालेल.

शेक जरूर घ्या. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, ओटीपोटावर किंवा कंबरेखाली. व्यायामाच्या आधी घेतला तर अंग लवकर सैल पडतं.

लघवी आणि शौच

तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता गेलात, किती प्यायलात, जाताना घाई किती होती. दिवसा साधारण तीन-तीन तासांनी जाणं ठीक. तासाला दोनदा जात असाल तर घाई लागल्यावर लगेच उठू नका. पाच मिनिटं तोच श्वास घ्या, मन दुसरीकडे न्या, मग जा. दर आठवड्याला हे अंतर थोडं वाढवा. ‘बाहेर निघतेय, जाऊन घेते’ ही सवय हळूहळू सोडा. आग होते म्हणून पाणी तोडू नका, लघवी घट्ट होऊन आग वाढते. चहा मात्र कमी करून पाहा. काही जणींना चार दिवसांत फरक कळतो.

रानात राबणाऱ्या बायकांचं उलट असतं. त्या सकाळी घरून जातात ते थेट परत आल्यावर. त्यांना मी सांगते, मुकादमाशी एकदा सगळ्यांनी मिळून बोला आणि दुपारच्या भाकरीच्या आधी एक फेरी ठरवा. एकीने मागितलं तर लाज वाटते, दहाजणींनी मागितलं तर आडोसा उभा राहतो.

लघवीला नीट बसा. अधांतरी वाकून केली तर तळ सैल पडत नाही आणि थोडी मागे राहते. शेवटी जोर लावून पिळून काढू नका. शौचासाठी आपली उकिडवी बैठक उत्तम. कमोड असेल तर पायाखाली लहान पाट किंवा स्टूल घ्या. कुंथण्याऐवजी पोट फुगवून, तोंड उघडं ठेवून श्वास सोडा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू आणि पुरेसं पाणी याने भागत नसेल तर इसबगोल. रोज कुंथून काढलेलं शौच सगळ्या व्यायामावर पाणी फिरवतं.

काम थांबवता येत नाही, तेव्हा

‘विश्रांती घ्या’ हा सल्ला मी देत नाही, कारण घेणार कधी? भांगलण करताना एकाच बैठकीत पूर्ण पात संपवू नका. थोड्या थोड्या वेळाने उभं राहा, कंबर मागे करा, चार श्वास घ्या. धार काढताना उकिडवं बसून दुखत असेल तर बुटकं स्टूल घ्या. वैरणीचा भारा, पाण्याची कळशी उचलताना श्वास कोंडला जातो आणि सगळा दाब खाली येतो. उचलायच्या क्षणी श्वास सोडा. भारा निम्मा करून दोन खेपा झाल्या तरी चालतील. ऑफिसात बसणारीने अर्ध्या तासाने उठावं. माकडहाड दुखत असेल तर मागे खाच असलेली उशी वापरावी.

सगळ्यात जास्त घात होतो तो बऱ्या दिवशी. आज दुखत नाही म्हणून गोधड्या धुवायच्या, माळा झाडायचा, आणि पुढचे चार दिवस झोपून काढायचे. चांगल्या दिवशी ठरवलं तेवढंच करा आणि वाईट दिवशीही त्यातलं थोडं करा. चालणं रोज हवं. दहा मिनिटांनी सुरू करा, आमराईत, कृष्णेच्या घाटावर, रानाच्या बांधावर, कुठेही. आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत न्या.

नवराबायकोतलं

संबंधाच्या वेळी दुखत असेल तर सोसत राहू नका. दुखेल या भीतीने स्नायू आधीच आवळतात, मग खरंच दुखतं, आणि पुढच्या वेळी भीती दुप्पट होते. काही आठवडे आतला संबंध बंद ठेवून बाकीची जवळीक चालू ठेवा, आणि ते नवऱ्याला स्पष्ट सांगा. तुमची हरकत नसेल तर मी एका भेटीला दोघांना बोलावते. ‘टाळते’ असं वाटणाऱ्या पुरुषाला ‘दुखतं’ हे तिसऱ्या माणसाकडून ऐकल्यावर लवकर समजतं.

पुन्हा सुरुवात करताना आधी स्वतःचं एक बोट, जेली लावून, श्वास सोडताना, फक्त पहिल्या पेरापर्यंत. ते आरामात जमलं की फिजिओच्या सांगण्यावरून लहान-मोठ्या आकारांचे डायलेटर, म्हणजे योनिमार्ग हळूहळू सैल करायच्या गुळगुळीत नळ्या. एका आकारात दुखणं थांबल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. जेली पाण्यात विरघळणारी घ्या. निरोध वापरत असाल तर तेल नको, त्याने रबर फाटतं. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणावर मलमं असतात, ती डॉक्टरांना विचारा.

आवळायचे व्यायाम कधी

अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर ढिल्या पडलेल्या स्नायूंसाठी. खोकताना, शिंकताना लघवी निसटते आणि दुखत काही नाही, अशा बाईला ते छान लागू पडतात. मोबाइलवर मात्र ते सरसकट सगळ्यांना सांगितले जातात. आखडलेला स्नायू दिवसाला शंभरदा आवळला तर दुखणं वाढतं. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर मूत्राशयाच्या जुनाट दुखण्यात ते टाळावेत असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. तुम्ही ते करत असाल आणि दुखणं वाढलं असेल तर आज थांबवा.

स्नायू पूर्ण सोडता येऊ लागले, दुखणं उतरलं, आणि तपासणीत ताकद कमी निघाली, तर हळू सुरू करायचं: तीन सेकंद आवळणं, आठ-दहा सेकंद पूर्ण सोडणं, पाच-सहा वेळा. सोडण्याचा वेळ कधीही कमी करायचा नाही.

दुखणं उसळलं तर

उसळतंच. पाळीच्या आसपास, लांबच्या एसटी प्रवासानंतर, लग्नसराईत, घरात ताण असताना. त्या दिवशी शेक, लोडावर पुढे वाकायची स्थिती, श्वास, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी असेल तर ती. बाकीचे व्यायाम निम्मे करा, पण सगळं सोडून देऊ नका. तीन-चार दिवसांत उतरलं नाही, किंवा ताप, रक्त, नव्या प्रकारची कळ असं काही आलं, तर डॉक्टर. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर तेही दुखण्याइतकंच महत्त्वाचं. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

किती दिवस लागतात

सुरुवातीला आठवड्याला एक भेट, मग पंधरा दिवसांनी, असे साधारण तीन महिने धरून चला. लांबून येणाऱ्या बायकांना मी तीन आठवड्यांनी बोलावते आणि मधे व्हिडिओ कॉलवर व्यायाम बघते. वहीच्या पहिल्या पानावर आजची स्थिती लिहा: किती वेळ बसता येतं, रात्री लघवीला किती वेळा उठता, महिन्यात दुखण्याच्या गोळ्या किती लागतात, कोणतं काम सोडून दिलंय. दर महिन्याला पुन्हा तेच लिहा. दुखण्याचा आकडा बऱ्याचदा शेवटी हलतो. त्याआधी बसण्याची मिनिटं वाढतात, गोळ्या कमी होतात. नुसत्या दुखण्याकडे बघणारी बाई पाचव्या आठवड्यात कंटाळून सोडते, आणि वही उघडून दाखवली की टिकून राहते.

एंडोमेट्रिओसिससारखा आजार असेल तर फिजिओथेरपीने तो जात नाही. त्याची औषधं, ऑपरेशन डॉक्टर सांगतील तसं चालू ठेवा. आम्ही त्याच्याभोवती आखडलेले स्नायू सोडवतो. आणि सहा-आठ भेटी नीट होऊन, घरचा व्यायाम रोज करूनही वहीत काहीच हललं नसेल, तर त्याच उपचाराच्या आणखी भेटींचे पैसे भरू नका. फिजिओकडून आतापर्यंत काय सापडलं, काय केलं, याचं एक पानी पत्र मागून घ्या आणि ते घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे परत जा. मज्जातंतू कुठे दबतोय का, पोटातून दुर्बीण घालून बघायची गरज आहे का, पेन क्लिनिकमध्ये पाठवायचं का, हे त्या पत्रावरून ठरवणं त्यांना सोपं जातं.